'@' लावल्याने एरर मिटत नाही
(वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या सर आणि मॅडमना खुले पत्र)

आदरणीय सर आणि मॅडम,



राज्यातल्या पॉलिटेक्निकमध्ये, बीसीए आणि बीएस्सीच्या वर्गांत तुम्ही पीएचपी शिकवता. तिथून बाहेर पडलेली मुलंमुली पुढे आमच्याकडे नोकरीला लागतात. मी पुण्यात पीएचपीमध्ये लिहिलेली संकेतस्थळं सांभाळण्याचं काम करते, आणि नव्याने आलेल्यांचा कोड तपासणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. मुलं तयारीची असतात. फॉर्म, सेशन, डेटाबेसची जोडणी, लॉगिन, सगळं त्यांना येतं. पण स्क्रीनवर वॉर्निंग उमटली की त्यांचा हात एकाच ठिकाणी जातो. त्या ओळीत '@' टाकायचं, नाहीतर फाइलच्या सुरुवातीला एरर रिपोर्टिंग शून्यावर आणायचं. असं का केलंस म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, प्रॅक्टिकलला एक्स्टर्नलसमोर वॉर्निंग दिसली तर मार्क जातात."

हे उत्तर मी इतक्या वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुलांकडून ऐकलं आहे की यात एखाद्या शिक्षकाला दोष देण्यासारखं काही नाही. पद्धतच तशी पडली आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

'@' काय करतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण मुलांच्या मनात त्याचा जो अर्थ बसला आहे तो वेगळा आहे. '@' लावलं की चूक टळते, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात चूक व्हायची तेव्हा होतेच, फक्त पीएचपी त्याबद्दल बोलायचं थांबतं. फाइल उघडली नाही तर ती उघडलेली नसते, हातात 'फॉल्स' येतं आणि पुढच्या ओळी ते 'फॉल्स' घेऊन निमूट चालत राहतात.

गुणांचंच उदाहरण घेते. एका नवीन मुलाने लिहिलेलं पान होतं. फॉर्ममध्ये थिअरीचे गुण आणि अंतर्गत गुण असे दोन रकाने. फॉर्ममध्ये दुसऱ्या रकान्याचं नाव 'इंटर्नल्स', आणि कोडमध्ये वाचलेलं नाव 'इंटर्नल'. एका अक्षराचा फरक. थिअरीत 52, अंतर्गतमध्ये 18 भरले तर बेरीज 70 यायला हवी. आली 52. पीएचपीने हे लपवलेलं नव्हतं. 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' अशी वॉर्निंग, सोबत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक, एवढं सगळं दिलं होतं. पण दोन्ही वाचनांच्या आधी '@' होतं. मग नसलेल्या रकान्याचं 'नल' झालं, बेरजेत 'नल'चं शून्य झालं, आणि पान अगदी स्वच्छ दिसलं. एक्स्टर्नलसमोर ते पान नक्की पास झालं असतं.

इथे कोणी म्हणेल, '@' जुनं झालं, आता मुलं दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर वापरतात. पीएचपी 7 पासून तो आहे आणि तो चांगलाच आहे. पण '?? 0' लिहिलं तरी बेरीज 52च येते, आणि या वेळी तर दाबायला वॉर्निंगसुद्धा नसते. प्रश्न चिन्हाचा नाहीच. हा रकाना आलाच नाही तर काय करायचं, हा विचार मुलाने केला आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. गुणपत्रिकेत गैरहजर आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक तुम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळता. कोडमध्ये तोच फरक मुलाला सांभाळायला लावा, एवढंच मागणं आहे.

दुसरं उदाहरण आपल्या लिपीचं आहे आणि त्याच्याबद्दल मला जास्त कळकळ आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. 'ज्ञानेश्वर' या नावात अक्षरं, मात्रा आणि हलन्त धरून 10 चिन्हं आहेत, म्हणजे 30 बाइट. यादीत नाव फार लांब दिसू नये म्हणून मुलं 'सबस्ट्रिंग' फंक्शनने पहिले 20 घेतात. ते फंक्शन बाइट मोजतं. 18 बाइटांत 'ज्ञाने' बसतं आणि उरलेल्या 2 बाइटांत 'श' अर्धा तुटतो. मग ही यादी जेसनमध्ये बदलायला जावं तर जेसन एन्कोड करणारं फंक्शन तुटलेलं यूटीएफ-8 पाहून 'फॉल्स' परत देतं. वॉर्निंग देत नाही. 'फॉल्स' छापलं की काहीच छापलं जात नाही. म्हणजे 60 विद्यार्थ्यांच्या यादीत एक ज्ञानेश्वर असेल तर 60च्या 60 नावं गायब. मीरा, अनिल यांची नावं 12 बाइटांत बसतात, म्हणून त्यांच्यावर चाचणी केली तर सगळं चालतं. इंग्रजीत 'राहुल' टाइप करून चाचणी केली तर प्रश्नच येत नाही, आणि लॅबमध्ये मुलं बहुतेक वेळा तेच टाइप करतात.

उपाय अवघड नाही. कापायला बाइटांऐवजी चिन्हं मोजणारं 'एमबी'वालं फंक्शन वापरायचं आणि जेसनला पीएचपी 7.3 पासून मिळणारा 'थ्रो ऑन एरर' हा पर्याय द्यायचा, म्हणजे गडबड झाली की ते एक्सेप्शन फेकतं. (चिन्हं मोजूनही जोडाक्षर मधोमध तुटू शकतं. पण निदान यादी तरी गायब होत नाही.) फंक्शनने परत काय दिलं हे मुलाने पाहिलं असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. परत आलेलं मूल्य न पाहणं ही '@'चीच सवय आहे, फक्त तिथे चिन्ह लिहावं लागत नाही.

तारखांचंही असंच. पीएचपी 5.3 आल्यावर टाइमझोन ठरवलेला नसेल तर तारखेचं फंक्शन वॉर्निंग द्यायचं, की सर्व्हरच्या वेळेवर विसंबू नका. खूप जणांनी तिथे '@' लावलं. पुढे 5.4 पासून टाइमझोन दिला नसेल तर वेळ थेट यूटीसीची धरली जाऊ लागली, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 16 तारखेला पहाटे 3 वाजता भरलेला अर्ज 15 तारखेचा म्हणून नोंदला जातो, आणि मुदत रात्री 12 ऐवजी पहाटे साडेपाचला संपते. 7 मध्ये ती वॉर्निंगच काढून टाकली गेली. आज तुमच्या लॅबमध्ये ज्या झॅम्पवर मुलं शिकतात, त्याच्या मूळ पीएचपी डॉट आयएनआयमध्ये टाइमझोन 'युरोप/बर्लिन' असतो. म्हणजे तिथे कोणतीही वॉर्निंग न येता घड्याळ हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे चालतं. पहिल्याच तासाला ते 'एशिया/कोलकाता' करायला सांगावं.

मग सगळे एरर सगळ्यांना दाखवत बसायचं का? मुळीच नाही. काही मुलांना ही दुसरी सवय असते, आणि ती तितकीच वाईट आहे. डेटाबेसची जोडणी फसली आणि ते एक्सेप्शन कुणी पकडलं नाही, तर पीएचपी स्टॅक ट्रेस छापतं, आणि त्यात फंक्शनला दिलेली मूल्यं असतात. जोडणीच्या फंक्शनला दिलेली मूल्यं म्हणजे होस्ट, यूजरनेम आणि पासवर्ड. लाइव्ह संकेतस्थळावर डिस्प्ले एरर्स चालू असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला डेटाबेसचा पासवर्ड वाचता येतो. म्हणून 7.4 मध्ये ट्रेसमधून ही मूल्यं वगळण्याची सेटिंग आली आणि 8.2 मध्ये एखादं मूल्य संवेदनशील आहे अशी खूण करण्याची सोय आली. पण जुने सर्व्हर अजून खूप आहेत, आणि फाइलचा पूर्ण मार्ग, टेबलांची नावं, फसलेली क्वेरी हे सगळं बाहेर पडतच असतं. एसक्यूएल इंजेक्शन करणाऱ्याला याहून मोठी मदत नाही. 'ऑर डाय' लिहून पुढे मायएसक्यूएलचा एरर छापण्याची ओळ अजूनही जर्नलमध्ये दिसते. ज्या जुन्या मायएसक्यूएल फंक्शन्ससोबत ती यायची ती 2015 च्या पीएचपी 7 मध्येच काढून टाकली गेली. ती ओळही आता जायला हवी.

स्क्रीनवर एरर छापण्याचे आणखी दोन तोटे मुलांना दाखवता येतील. डिस्प्ले एरर्स चालू असताना फेटल एरर आला तर पीएचपी ब्राउझरला स्टेटस 200 पाठवतं, म्हणजे सगळं ठीक आहे असं. बंद असेल आणि आधी काही मजकूर गेलेला नसेल तर 500 पाठवतं. संकेतस्थळ चालू आहे की नाही हे पाहणाऱ्या यंत्रणा आकडाच बघतात, त्यामुळे पान मोडलेलं असतं आणि त्यांच्या लेखी सगळं हिरवं असतं. दुसरं, जेसन देणाऱ्या पानावर एक साधी वॉर्निंग जरी छापली गेली तरी जेसनच्या आधी एचटीएमएलचा टॅग येतो आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट पहिल्याच चिन्हाला अडते. मूल मग जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतं आणि चूक असते पीएचपीमध्ये.

पीएचपीचे बांधणारे यातून शिकत गेले आहेत हे मला महत्त्वाचं वाटतं. रॅस्मस लर्डॉर्फने 1995 मध्ये पीएचपी खुलं केलं तेव्हा ते एचटीएमएलच्या पानात दोनचार हुशार ओळी घालण्याचं साधन होतं. काहीही झालं तरी पान दिसलं पाहिजे, हा त्याचा स्वभाव तिथून आला. पुढे त्याच भाषेवर वर्डप्रेस, मूडल आणि मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी उभं राहिलं, आणि तो स्वभाव महाग पडू लागला. 2004 मध्ये 5 सोबत एक्सेप्शन आलं. 7 मध्ये कित्येक फेटल एरर पकडता येतील असे झाले. 2020 च्या 8 मध्ये तर फार मोठा बदल झाला: मूळ सेटिंगच सगळे एरर कळवण्याची झाली, नसलेलं व्हेरिएबल वाचणं नोटीसऐवजी वॉर्निंग ठरलं, शून्याने भागणं एक्सेप्शन ठरलं, आणि '@'ला फेटल एरर दाबता येईनासं झालं. 8.1 पासून मायएसक्यूएलआय आपणहून एक्सेप्शन फेकतं. जोडणीनंतर 'कनेक्शन नसेल तर' अशी जी अट पाठ्यपुस्तकांत असते, तिच्यापर्यंत आता प्रोग्राम पोचतच नाही, आणि एक्सेप्शनला '@' अडवूही शकत नाही. जुन्या जर्नलमधला कोड नव्या झॅम्पवर उतरवणाऱ्या मुलाला इथे भलामोठा लाल मजकूर दिसतो आणि ते गोंधळून जातं. दोष त्याचा नाही, पुस्तकाचा आहे.

'@'ला पूर्ण बंदी घाला असं मी म्हणत नाही. एक जागा आहे जिथे मी स्वतः ते लिहिते. अपलोडसाठी फोल्डर बनवायचं आहे. आधी 'फोल्डर आहे का' विचारलं आणि नसेल तर बनवलं, तर त्या दोन ओळींच्या मध्ये दुसऱ्या कुणाच्या विनंतीने तेच फोल्डर बनवलेलं असू शकतं. मग आपली ओळ 'आधीच आहे' अशी वॉर्निंग देते, आणि तिच्यात काही चुकीचं नसतं. म्हणून '@' लावून फोल्डर बनवायचं, आणि 'फॉल्स' आलं तर लगेच पाहायचं की फोल्डर खरंच आहे का. नसेल तर एक्सेप्शन फेकायचं. इथे वॉर्निंग दाबली आहे पण उत्तर तपासलं आहे. मुलाने '@' लावलं तर त्याच्या पुढच्याच ओळीवर तपासणी आहे का एवढं पाहा. नसेल तर मार्क कापा. असेल तर शाबासकी द्या.

ट्राय-कॅचबद्दलही हेच. कॅचचा कंस रिकामा सोडलेला कोड मला '@'पेक्षा जास्त भीतीदायक वाटतो, कारण तो पाहिल्यावर वाटतं की इथे काळजी घेतली आहे.

योग्य ते काय, हे मुलांना एका तासात दाखवता येतं. पीएचपीसोबत आयएनआय फाइलचे दोन नमुने येतात, एक डेव्हलपमेंटचा आणि एक प्रॉडक्शनचा. ते दोन शेजारी ठेवून वाचायला लावा. पहिल्यात डिस्प्ले एरर्स चालू, दुसऱ्यात बंद, आणि दोन्हींत लॉग एरर्स चालू. आयएनआय फाइलच नसेल तर पीएचपी एरर स्क्रीनवर दाखवतं हेही सांगा, कारण डॉकरच्या अधिकृत पीएचपी इमेजमध्ये ती फाइल मुळात नसते आणि नवी मुलं तीच इमेज उचलून लाइव्ह करतात. फाइलच्या सुरुवातीला डिस्प्ले एरर्स चालू करणारी ओळ लिहूनही पांढरी स्क्रीन का येते, हाही नेहमीचा प्रश्न असतो: त्याच फाइलमध्ये पार्स एरर असेल तर ती ओळ चालतच नाही. म्हणून सेटिंग आयएनआयमध्येच करायची. लॉगची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवायची. वर्डप्रेसचा डीबग लॉग चालू केला की तो डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये जातो, आणि सर्व्हरवर वेगळी सोय केली नसेल तर पत्ता माहीत असलेला कुणीही तो उघडून वाचू शकतो.

आणि एरर आल्यावर संकेतस्थळावरच्या पाहुण्याला काय दिसावं हे मुलांकडून लिहून घ्या. हा भाग कुठेच शिकवला जात नाही आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला एखादी मुलगी तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्रात बसली आहे. फी भरली, सबमिट दाबलं आणि डेटाबेस पडला. तिला 'फेटल एरर' वाचून काही कळणार नाही. पांढरं पान पाहून ती पुन्हा सबमिट दाबेल आणि पैसे दोनदा जातील. 'तुमचा अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असं खोटं दिसलं तर ती घरी जाईल आणि यादीत नाव नाही हे तिला मुदत संपल्यावर कळेल. तिला दिसायला हवं ते असं: अर्ज जतन झालेला नाही. पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका. अर्ध्या तासाने याच पानावर या. चौकशीसाठी हा क्रमांक सांगा. तोच क्रमांक लॉगमध्ये वेळ, फाइल आणि ओळीसह लिहिलेला असतो, म्हणजे फोन आला की आम्हाला थेट तिच्या अर्जापर्यंत पोचता येतं. यासाठी लागणारा कोड वीस-पंचवीस ओळींचा असतो: न पकडलेल्या एक्सेप्शनसाठी एक हँडलर, वॉर्निंगचं एरर-एक्सेप्शनमध्ये रूपांतर करणारा दुसरा, आणि जे या दोघांच्याही हातून सुटतं त्यासाठी प्रोग्राम संपताना शेवटचा एरर विचारणारं एक फंक्शन.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका बॅचला दोन तास, मशीन कमी, झॅम्पचं पोर्ट अडलेलं, जर्नलवर सह्या राहिलेल्या, अभ्यासक्रम ठरवणारं मंडळ वेगळंच. म्हणून मी नवा विषय घाला असं म्हणत नाही. प्रॅक्टिकल परीक्षा घेताना फक्त एक बदल करा.

मुलाचा प्रोग्राम चालला, आउटपुट बरोबर आलं. आता त्याला झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएलसमोरचं 'स्टॉप' दाबायला सांगा आणि तोच फॉर्म पुन्हा सबमिट करायला सांगा. मग तीन प्रश्न विचारा: पाहुण्याला काय दिसलं? ब्राउझरला स्टेटस कोणता गेला? आणि लॉगमध्ये काय लिहिलं गेलं, उघडून वाचून दाखव. व्हायव्हाच्या मार्कांतले पाच यासाठी ठेवा, आणि परीक्षेच्या आधीच वर्गात तसं सांगून टाका. लॉग वाचून दाखवणाऱ्या मुलाच्या स्क्रीनवर एखादी वॉर्निंग उरलेली असली तरी त्याचे मार्क कापू नका.

आपली,
पुण्यातली एक पीएचपी प्रोग्रॅमर